अंगावर काढलेले दुखणे : कर्करोगाचे निदान, सामाजिक विषमता आणि आजाराचे कथन (तिरुवल्लिकेणीच्या संदर्भात)

१

‘दुखणे अंगावर काढणे’ हा मराठीतील नित्याचा वाक्प्रचार आहे. आजार जाणवत असूनही औषधोपचार न करता, रोजची कामे चालू ठेवून तो सोसत राहणे, असा त्याचा अर्थ. या वाक्प्रचारात सोशिकपणाचे कौतुक आणि हलगर्जीपणाचा ठपका असे दोन्ही स्वर ऐकू येतात. घरातली वडीलधारी स्त्री स्वतःविषयी बोलते तेव्हा त्यात काहीसा अभिमान असतो. डॉक्टर रुग्णाविषयी तेच शब्द उच्चारतो तेव्हा त्याचा आरोप होतो. दोन्ही वापरांत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते : दुखणे अंगावर काढावे की त्यावर इलाज करावा, ही निवड रुग्णाच्या हाती होती. कर्करोगाच्या संदर्भात हे गृहीतक कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कर्करोगात विलंबाला असलेले महत्त्व अन्य आजारांहून वेगळे आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उदाहरण घेता येईल. विषाणूच्या दीर्घकालीन संसर्गापासून प्रत्यक्ष कर्करोगापर्यंतचा प्रवास बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ चालतो. या काळात पेशींतील बदल आढळला, तर बाह्यरुग्ण विभागातील छोट्या उपचाराने पुढचा रोग टळतो. रोग सुरुवातीच्या अवस्थेत सापडला, तर तो बरा होण्याची शक्यता मोठी असते. आजूबाजूच्या अवयवांत पसरल्यावर मात्र उपचार लांबतात, महागतात आणि त्यांचे फळ घटत जाते. म्हणजे पैशाची आणि वेळेची सर्वांत कमी गरज ज्या टप्प्यावर असते, त्याच टप्प्यावर गरीब रुग्ण व्यवस्थेपासून सर्वांत दूर असतो. आणि तो रुग्णालयात पोहोचतो तेव्हा त्याच्याकडे नसलेल्या गोष्टींचीच सर्वाधिक गरज निर्माण झालेली असते.

हा विषय वैद्यकाचा आणि अर्थशास्त्राचा आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला त्याच्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर निदानाच्या स्वरूपात आहे. निदान म्हणजे नाव मिळणे. ज्या आजाराला नाव मिळाले त्याची नोंद होते, त्यावर उपचार होतो आणि त्याची कथाही सांगता येते. ज्याला नाव मिळाले नाही तो आजार घरातल्या एखाद्या मोघम आठवणीत विरून जातो. उपचारातील विषमता ही अशा रीतीने कथनातील विषमताही ठरते. चेन्नईतील तिरुवल्लिकेणी हा भाग आणि मराठवाडा-सोलापूरचा टापू या दोन ठिकाणांच्या आधारे हा संबंध उलगडून पाहता येतो.

२

तिरुवल्लिकेणी ही चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यालगतची जुनी वस्ती. पार्थसारथी मंदिराभोवतीच्या वैष्णवांच्या गल्ल्या, १७९५ मध्ये बांधलेल्या वालाजा मशिदीच्या परिसरातील मुस्लिम वस्ती, किनाऱ्यावरील अयोध्याकुप्पम आणि नडुकुप्पम या कोळीवाड्या, आणि नोकरीसाठी आलेल्या एकट्या पुरुषांना खोल्या भाड्याने देणारी ‘मॅन्शन’ नावाची वसतिस्थाने हे सारे येथे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कवी सुब्रह्मण्य भारती यांचे अखेरचे वास्तव्य याच भागात होते आणि १९२१ मध्ये त्यांचे निधन येथेच झाले. तंजावरच्या मराठी परंपरेशी नाते सांगणारी देशस्थ कुटुंबेही मद्रासच्या ज्या भागांत स्थिरावली त्यांत तिरुवल्लिकेणीचा समावेश होतो.

या वस्तीच्या वैद्यकीय इतिहासातील महत्त्वाची संस्था म्हणजे आज कस्तुरबा गांधी यांचे नाव धारण करणारे स्त्रिया व मुलांचे सरकारी रुग्णालय. लोकांच्या तोंडी त्याचे नाव अजूनही ‘गोषा हॉस्पिटल’ असेच आहे. १८८५ मध्ये ते सुरू झाले आणि १८९० मध्ये सध्याच्या जागी आले. ‘जातवंत’ आणि ‘गोषा’ स्त्रियांसाठीचे रुग्णालय, असे त्याच्या मूळ नावातच नमूद होते. त्यामागील प्रेरणा डॉ. मेरी शार्लिब यांची. १८७५ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळवलेल्या पहिल्या स्त्री-विद्यार्थिनींपैकी त्या एक होत्या. पुरुष डॉक्टरपुढे येण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रियांची अवस्था पाहून त्यांनी वैद्यकाकडे वळण्याचे ठरवले. त्यांचे आत्मकथन १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

‘गोषा’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. मूळ फारसी अर्थ ‘कोपरा’. मराठीत ‘गोषा पाळणे’ म्हणजे पडदा पाळणे. दख्खनच्या दरबारी व्यवहारातून तो मराठीत, तेलुगूत आणि मद्रासच्या सरकारी इंग्रजीतही रूढ झाला. रुग्णालयाच्या पाटीवर तो येतो तेव्हा त्याचा आशय दुहेरी होतो. या रुग्णालयामुळे ज्या स्त्रियांना वैद्यकाची दारे बंद होती त्यांना ती उघडली गेली. मात्र ती दारे ‘जातवंत’ आणि ‘गोषा’ अशा प्रतिष्ठेच्या कोटींनुसार उघडली गेली. मजुरी करणाऱ्या स्त्रीला गोषा परवडत नसे. १८४४ पासून चालत आलेले एग्मोरचे सरकारी प्रसूतिगृह तिच्यासाठी होते. वैद्यकीय सेवेपासूनचे अंतर केवळ पैशाने मोजता येत नाही, लज्जा, जात आणि पडदा हीही त्याची मापे आहेत, हे या एका नावातून स्पष्ट होते. स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत ही मापे आजही लागू पडतात, कारण दोन्ही ठिकाणी तपासणी म्हणजे अनावरण असते.

३

तमिळ प्रदेशातील कर्करोगसेवेचा इतिहास डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या चरित्राशी निगडित आहे. त्यांचा जन्म १८८६ मध्ये पुदुक्कोट्टै संस्थानात झाला. याच वर्षी आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी घेतली, हा योगायोग मराठी अभ्यासकाच्या ध्यानात राहण्याजोगा आहे. आनंदीबाई १८८७ मध्ये क्षयाने गेल्या. त्यांचे वैद्यक प्रत्यक्ष कार्यात उतरण्यापूर्वीच संपले आणि मराठी वाङ्मयात त्या मुख्यतः चरित्रनायिका म्हणून उरल्या. मुत्तुलक्ष्मींना दीर्घ आयुष्य लाभले. त्यांची आई देवदासी परंपरेशी संबंधित समाजातील, तर वडील ब्राह्मण व शिक्षणक्षेत्रातील. १९१२ मध्ये त्या मद्रास मेडिकल कॉलेजातून पदवीधर झाल्या. मद्रास विधान परिषदेत त्यांनी देवदासीप्रथेविरुद्ध कायद्यासाठी प्रयत्न केले आणि १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सदस्यत्वाचा राजीनामा दिला. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९२३ मध्ये त्यांची धाकटी बहीण कर्करोगाने गेली. घरात डॉक्टर असूनही बहिणीला वाचवता येत नाही, हा अनुभव त्यांच्या पुढील कार्याच्या मुळाशी होता. १९३५ मध्ये मेडिकल कॉलेजच्या शताब्दी समारंभात त्यांनी स्वतंत्र कर्करोग-रुग्णालयाची कल्पना जाहीरपणे मांडली. ती साकार होण्यास आणखी दोन दशके लागली. १९५२ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९५४ मध्ये विमेन्स इंडियन असोसिएशनच्या आधारे अड्यार येथे अवघ्या १२ खाटांचे रुग्णालय सुरू झाले. मुत्तुलक्ष्मींचे पुत्र डॉ. एस. कृष्णमूर्ती आणि १९५५ मध्ये त्यांच्यासोबत काम करू लागलेल्या डॉ. व्ही. शांता यांनी ते वाढवले. १९५७ मध्ये तेथे कोबाल्ट किरणोपचाराचे यंत्र आले. शांता यांनी २०२१ मध्ये निधन होईपर्यंत या संस्थेच्या आवारातच आयुष्य घालवले. २००५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार आणि २०१६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ऐपत असलेल्यांकडून शुल्क घ्यावे आणि ऐपत नसलेल्यांवर मोफत किंवा सवलतीत उपचार करावेत, हे संस्थेचे धोरण सुरुवातीपासून राहिले.

मुंबईतील समांतर संस्था म्हणजे परळचे टाटा स्मारक रुग्णालय. ते १९४१ मध्ये सुरू झाले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत गेले. दोन्ही संस्थांच्या मुळाशी कुटुंबातील एका स्त्रीचा मृत्यू आहे : एका ठिकाणी मुत्तुलक्ष्मींची बहीण, दुसऱ्या ठिकाणी १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या मेहरबाई टाटा. मात्र एका संस्थेमागे उद्योगघराण्याचा न्यास होता, तर दुसरीमागे स्त्री-संघटनेने गोळा केलेल्या देणग्या. गरीब रुग्णाच्या दृष्टीने या भेदापेक्षा दुसरी गोष्ट अधिक निर्णायक ठरली. दोन्ही संस्था महानगरात होत्या. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच-सहा आठवडे चालतात. तेवढा काळ रुग्णाने आणि सोबतच्या माणसाने कोठे राहायचे, काय खायचे आणि बुडालेली मजुरी कशी भरून काढायची, हे प्रश्न उपचार मोफत झाल्याने सुटत नाहीत. परळच्या पदपथांवर मुक्काम करणारे रुग्ण आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ही या प्रश्नाची मराठी रूपे आहेत. रेल्वेने कर्करुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात शयनयान वर्गात पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के भाडेसवलत दिली, त्यामागेही हीच जाणीव आहे. सोबत्याशिवाय रुग्ण प्रवास करू शकत नाही, हे येथे निदान मान्य केलेले दिसते.

अंतराचे दुसरे टोक मरीना किनाऱ्यावर, तिरुवल्लिकेणीच्या सीमेवर पाहावयास मिळते. तमिळनाडूचे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुरै यांची समाधी तेथे आहे. अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी १९६८ मध्ये त्यांना न्यूयॉर्कला नेण्यात आले आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये मद्रासला त्यांचा मृत्यू झाला. राज्याच्या प्रमुखासाठी जगातील सर्वोत्तम मानली जाणारी शस्त्रक्रियाही उशिराचीच ठरली. कर्करोग सर्वांना समान लेखतो, असे म्हणण्याचा मोह अशा उदाहरणामुळे होतो. परंतु त्यांच्या आजाराला नाव मिळाले होते आणि त्यांच्या मृत्यूचे कारण संपूर्ण प्रदेशाला ठाऊक होते. समाधीपासून हाकेच्या अंतरावरील कोळीवाड्यांतल्या समकालीन मृत्यूंविषयी असे म्हणता येत नाही. कांचीपुरम येथील सरकारी कर्करोग-रुग्णालयाला पुढे अण्णांचेच नाव देण्यात आले.

४

नावाच्या प्रश्नाचा भाषिक अंगाने विचार येथे आवश्यक ठरतो. मराठीतील ‘कर्करोग’ हा शब्द ग्रीक ‘कार्किनोस’ आणि लॅटिन ‘कॅन्सर’ यांतील खेकड्याची प्रतिमा संस्कृतच्या आधाराने मराठीत आणतो. सुश्रुतसंहितेतील ‘ग्रंथि’ आणि ‘अर्बुद’ या संज्ञा परंपरेत उपलब्ध होत्या. त्यांपैकी ‘अर्बुद’ वैद्यकीय परिभाषेत राहिला, पण व्यवहारात उतरला नाही. व्यवहारात ‘गाठ’ आणि ‘कॅन्सर’ हे दोनच शब्द चालतात. त्यातही घरात रुग्णासमोर ‘गाठ’ आणि रुग्णामागे ‘कॅन्सर’ अशी विभागणी आढळते.

तमिळमधील ‘पुट्रुनोय’ या शब्दाची प्रतिमा वेगळी आहे. ‘पुट्रु’ म्हणजे वारूळ, आणि ‘नोय’ म्हणजे रोग. खेकड्याची प्रतिमा पकडीची आणि वेदनेची आहे. वारुळाची प्रतिमा आतल्या आत होणाऱ्या वाढीची आहे, आणि ती वर दिसू लागते तेव्हा खाली बरेच काही पोखरले गेलेले असते. उशिरा उघड होणाऱ्या आजाराला हे रूपक अधिक जवळचे वाटते. शिवाय तमिळ आणि मराठी या दोन्ही लोकपरंपरांत वारूळ पूज्य आहे. तेथे नागाचा आणि देवीचा वास मानला जातो. त्याला सहसा कोणी हात लावत नाही. ज्याला हात लावू नये अशा वस्तूचे नाव रोगाला मिळाले, याचा तपासणीविषयीच्या भीतीशी थेट कार्यकारणसंबंध जोडणे अतिरेकी ठरेल. परंतु रोगाच्या नावाला प्रत्येक भाषेत स्वतःचा भावार्थ असतो आणि एका भाषेतील रूपकावर बेतलेली मांडणी दुसऱ्या भाषेत जशीच्या तशी लागू पडत नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

सुझन सॉन्टॅग यांच्या १९७८ मधील ‘इलनेस ॲज मेटाफर’ या निबंधाची मर्यादा येथे दिसू लागते. रोगाभोवतीची रूपके रुग्णाला अपराधी ठरवतात, म्हणून रोगाकडे रूपकाविना पाहावे, असे त्यांचे प्रतिपादन. स्वतः कर्करोगावरील उपचार घेत असूनही त्यांनी त्या निबंधात स्वतःचा उल्लेख केला नाही. मात्र त्यांच्या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत आहे : रुग्णाला रोगाचे नाव ठाऊक आहे. सोल्झेनित्सिन यांच्या ‘कॅन्सर वॉर्ड’ या कादंबरीतही ताश्कंदच्या रुग्णालयात अधिकारी, हद्दपार कैदी आणि मजूर शेजारशेजारच्या खाटांवर येतात. वॉर्डात ते सारे रुग्ण म्हणून समान पातळीवर येतात, आणि कादंबरीचे नाट्य त्यातून घडते. परंतु जे वॉर्डापर्यंत पोहोचलेच नाहीत ते कादंबरीबाहेर राहतात. कर्करोगावरील आत्मकथनांबाबत तर हे अधिकच खरे आहे. त्या लेखनाला साक्षरता, निदान आणि उपचारांनंतर मिळालेला थोडासा तरी अवधी या तीन गोष्टी आवश्यक असतात, आणि त्या तिन्हींचे वाटप विषम आहे.

५

जे वॉर्डापर्यंत पोहोचले नाहीत त्यांच्या आजाराचा मागोवा घेण्याचा एक मोठा प्रयत्न चेन्नईतच झाला. येथे १९८१ पासून अड्यारच्या संस्थेत शहराची कर्करोग-नोंदणी चालते. नोंदणी कर्मचारी रुग्णालये आणि प्रयोगशाळांतून माहिती गोळा करतात आणि ती मृत्युनोंदींशी ताडून पाहतात. परंतु बरेचसे मृत्यू घरी होतात आणि त्यांची कारणे मोघम लिहिली जातात. ही उणीव भरून काढण्यासाठी डॉ. वेंदन गजलक्ष्मी आणि ऑक्सफर्डचे रिचर्ड पेटो यांनी ‘मौखिक शवचिकित्सा’ ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. १९९५ ते १९९७ या काळातील चेन्नईचे सुमारे ४८,००० आणि त्यानंतर विळुप्पुरम जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील सुमारे ३२,००० प्रौढ मृत्यू त्यांनी अभ्यासले. त्यांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिरुवल्लिकेणीचा समावेश असलेल्या महापालिकेच्या मृत्युनोंदी त्यांच्या अभ्यासाचा आधार होत्या.

ही पद्धत साहित्याच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावी अशी आहे. प्रशिक्षण घेतलेला, पण डॉक्टर नसलेला कार्यकर्ता मृताच्या घरी जातो. जवळच्या नातेवाइकाला तो आजाराची हकीकत विचारतो : सुरुवात कशी झाली, गाठ होती का, रक्त जात होते का, वजन उतरले का, कोणाला दाखवले, काय सांगितले गेले. ऐकलेली हकीकत तो स्थानिक भाषेत लिहून काढतो. पुढे डॉक्टर हा मजकूर वाचून मृत्यूचे कारण ठरवतात आणि आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील संकेतांक देतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तो ‘सी ५३’ असतो. नातेवाइकाची स्मृती, कार्यकर्त्याचे लेखन आणि डॉक्टरचा संकेतांक अशा तीन पायऱ्यांनी एका निनावी मरणाला नाव मिळते. प्रत्येक पायरीवर भाषांतर आहे आणि प्रत्येक भाषांतरात काही गळते. ‘अंगावरून जात होते’ ही मराठी स्त्रीची मोघम शब्दयोजना, किंवा तिच्यासारखीच अन्य भाषांतील आडवळणाची बोली, ओळखता आली नाही तर संकेतांक चुकतो. येथे भाषेची जाण ही सांख्यिकीची पूर्वअट ठरते.

याच पद्धतीच्या सुधारित रूपावर भारतव्यापी ‘दहा लाख मृत्यू अभ्यास’ उभा राहिला. त्यातील कर्करोगविषयक निष्कर्ष २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २००१ ते २००३ मधील १,२२,४२९ मृत्यूंपैकी ७,१३७ कर्करोगाचे आढळले. त्यावरून २०१० साली देशात सुमारे ५,५६,४०० कर्करोग-मृत्यू झाल्याचा अंदाज करण्यात आला. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के ३० ते ६९ या वयोगटातील होते. या अभ्यासातील दोन निष्कर्ष विषमतेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. एक, कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे वयानुरूप प्रमाण ग्रामीण आणि शहरी भागांत जवळजवळ सारखेच होते. दोन, सर्वांत कमी शिकलेल्या प्रौढांत हे प्रमाण सर्वाधिक शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक होते : पुरुषांत दर लाखामागे १०६.६ विरुद्ध ४५.७, स्त्रियांत १०६.७ विरुद्ध ४३.४.

यांतील पहिला निष्कर्ष नोंदणीच्या आकड्यांशेजारी ठेवला की त्याचा अर्थ उलगडतो. ग्रामीण नोंदणीत आढळणारे नव्या रुग्णांचे प्रमाण महानगरांच्या तुलनेत बरेच कमी असते. त्यामुळे खेड्यात कर्करोग कमी, असा समज रूढ झाला होता. धोक्याच्या कारणांतील फरक खरे आहेत. उदाहरणार्थ, स्तनाचा कर्करोग शहरांत अधिक आढळतो. परंतु नोंदलेले रुग्ण कमी आणि मृत्यू मात्र जवळपास तेवढेच, अशी स्थिती असेल, तर काही रुग्ण सापडतच नाहीत आणि जे सापडतात त्यांतील अधिक दगावतात, हे दोन्ही संभव गंभीरपणे घ्यावे लागतात. दुसरा निष्कर्ष त्याला पुष्टी देतो. येथे शिक्षण हे केवळ माहितीचे माप नाही. ते उत्पन्नाचे, तंबाखूच्या वापराचे आणि रुग्णालयात स्वतःचे म्हणणे मांडण्याच्या सामर्थ्याचेही माप आहे.

६

मराठी प्रदेशातील संबंधित अनुभव सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचा आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये ग्रामीण भागातील कर्करोग-नोंदणी सुरू झाली. भारतातील ती या प्रकारची पहिली. ग्रामीण रुग्ण स्वतःहून रुग्णालयात येत नाही, हे गृहीत धरून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात आणि लक्षणांविषयी लोकांशी बोलत. नोंद घेण्याच्या या प्रक्रियेतूनच जागृतीचे काम झाले आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या अवस्थेत येऊ लागल्याचे संशोधकांना दिसले. दुखणे अंगावर काढण्यामागे स्वभावापेक्षा परिस्थितीचा वाटा मोठा असतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. विचारणारे माणूस दारी आले, तेव्हा दुखणे सांगितले गेले.

शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून मोठी चाचणी झाली. ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा तिच्यात समावेश होता. गावांचे ५२ समूह चार गटांत विभागण्यात आले. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात पातळ ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली पाहणी, आणि चौथ्या गटात प्रचलित सेवाच. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार विषाणूच्या एकाच चाचणीमुळे आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. तमिळनाडूतील दिंडुक्कल जिल्ह्यात परिचारिकांनी केलेल्या आम्लपाहणीमुळे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी हीच पाहणी केली आणि तेथे ३१ टक्के घट नोंदवली गेली.

या चाचण्यांभोवती २०१४ च्या सुमारास नैतिक वाद झाला. अन्य देशांत तपासणीचा उपयोग सिद्ध झालेला असताना हजारो स्त्रियांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा आक्षेप होता. प्रचलित सेवा हीच तेथील वस्तुस्थिती होती, देशात असा कोणताही कार्यक्रम अस्तित्वात नव्हता, आणि पुराव्याशिवाय तो उभा राहिला नसता, असे प्रत्युत्तर देण्यात आले. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत तथ्य आहे. परंतु ‘प्रचलित सेवा’ या निरुपद्रवी भासणाऱ्या शब्दांचा अर्थ प्रत्यक्षात ‘सेवेचा अभाव’ असा होता, हे त्यातून उघड झाले. ज्या विषमतेवर उपाय शोधायचा होता, तीच विषमता संशोधनाची पूर्वअट ठरली. गरीब स्त्रीचे शरीर पुराव्यात आले. तिचे म्हणणे मात्र सहमतीपत्रावरील अंगठ्यापलीकडे क्वचितच पोहोचले.

त्या म्हणण्याचा शोध घ्यायचा तर अन्यत्र जावे लागते. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये महारवाड्यातील स्त्रियांची बाळंतपणे, उपासमार, अंगात येणे आणि अकाली मरणे येतात. त्यांतील बहुतेक दुखण्यांना वैद्यकीय नाव नाही, आणि निवेदन एकीचे असले तरी दुखणे साऱ्या वस्तीचे आहे. पाश्चात्त्य रुग्णकथनाची रचना एका व्यक्तीचे निदान, उपचार आणि परिणती अशी असते. येथे निदानाचा क्षणच नसल्यामुळे ती रचना संभवत नाही. मौखिक शवचिकित्सेतील हकिकतींशी हे कथन शेजारी ठेवून वाचले, तर दोहोंतील साम्य लक्षात येते : मृताविषयी दुसरे कोणी बोलते, काळ सणांनी आणि सुगीने मोजला जातो, आणि आजाराची खूण लक्षणापेक्षा काम थांबण्यात दिसते.

७

गेल्या दोन दशकांत परिस्थिती बदलली आहे, हे नमूद करणे आवश्यक आहे. तमिळनाडूत २००९ मध्ये राज्य आरोग्यविमा योजना आली आणि २०१२ पासून ती मुख्यमंत्र्यांच्या सर्वंकष योजनेच्या रूपात चालू राहिली. तंजावर आणि तेनी जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या तपासणीचा पथदर्शी प्रयोग करून ती सेवा पुढे राज्यभर नेण्यात आली. ज्या तंजावरात दुसऱ्या सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालात वैद्यकीय ग्रंथांचे आणि रुग्णनोंदींचे काम झाले, तेथेच हा प्रयोग व्हावा, यात इतिहासाचे एक सातत्य दिसते. तिरुवल्लिकेणीजवळच ओमंदुरार इस्टेटमधील विधानभवनासाठी उभारलेल्या वास्तूत २०१४ पासून सरकारी बहुविशेषोपचार रुग्णालय चालते. २०२१ पासून आरोग्यसेविका घरोघरी जाणारी योजनाही सुरू झाली. महाराष्ट्रात २०१२ पासून राजीव गांधी जीवनदायी आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेने कर्करोगाचे उपचार कक्षेत घेतले. पुण्याच्या सीरम संस्थेने विकसित केलेली विषाणूरोधक लस २०२३ मध्ये बाजारात आली.

या योजनांमुळे अनेक कुटुंबे कर्जातून वाचली. तथापि त्यांची रचना मुख्यतः रुग्णालयातील उपचारांभोवती आहे, तर गरिबाचा कालावधी आणि पैसा त्याआधीच्या वाटेवर खर्च होतो. जवळचा दवाखाना, तेथून दुसरा, तुकड्याची तपासणी, तिचा अहवाल, पुन्हा भेट. आणि प्रत्येक भेटीला बुडालेली रोजी. शिवाय विम्यासाठी शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये राहणाऱ्या स्थलांतरित कामगाराचे हे कागद बहुधा गावी असतात. गोषा रुग्णालयाच्या आसपासच्या गल्ल्यांतील घरकाम करणाऱ्या स्त्रीचे ते तिच्या नावावर नसतात. ज्याच्यापाशी कागद नाही त्याचे दुखणे पुन्हा अंगावरच निघते.

यावरून काही निष्कर्ष मांडता येतात. कर्करोगातील विलंब हा रुग्णाचा स्वभावदोष मानण्याऐवजी तो अंतराचा परिणाम मानणे अधिक सयुक्तिक आहे. हे अंतर पैशाचे, मैलांचे, लज्जेचे, कागदांचे आणि भाषेचे असते. आजारविषयक साहित्याचा प्रचलित संग्रह हे अंतर पार केलेल्यांच्या लेखनाचा आहे, म्हणून त्यावरून सर्वसामान्य सिद्धान्त मांडताना मर्यादा ओळखल्या पाहिजेत. आणि मौखिक शवचिकित्सेच्या हकिकती, नोंदणी-कार्यकर्त्यांच्या टिपणवह्या आणि वस्तीच्या आठवणी सांगणारी आत्मकथने यांना संहितांचा दर्जा देऊन त्यांचे आंतरभाषिक वाचन करण्याची गरज आहे. चेन्नईत हजारो घरांतून लिहून घेतल्या गेलेल्या हकिकती संकेतांकांत रूपांतरित झाल्या. त्यांच्या भाषेचा अभ्यास हे तौलनिक साहित्याच्या आवाक्यातले काम आहे. त्याचा उपयोग साहित्यशास्त्रापुरता मर्यादित राहणार नाही. कोणत्या शब्दांत दुखणे सांगितले जाते हे समजले, तर पुढच्या वेळी दारी आलेल्या आरोग्यसेविकेला ते वेळेवर ऐकू येण्याची शक्यता वाढेल.